गाडीत काहीतरी खोट आहे

५ ऑक्टोबर, रविवार

पडली. उभ्याउभ्या! घरासमोर थांबलो, डावा पाय खाली टेकवला — टेकवला असं वाटलं — आणि गाडी सावकाश आडवी झाली. मी तिच्यासोबत. साधना फाटकातून आली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "उचलू लागू काय?" एवढंच म्हणाली. बायको हसली नाही, ते जास्त झोंबलं.

गुरुवारी, दसऱ्याला, विहारात वंदना करून ही मोटारसायकल आणली. डांबरीवरही पळते, मातीतही पळते, म्हणून सीट कमरेइतकी उंच. शोरूमवाला म्हणे, "काका, उंच हाय म्हणूनच दगडाधोंड्यातून जाते." जात असेल. उभी राहत नाही त्याचं काय?

एसटीत ड्रायव्हर म्हणून जन्म काढला. निवृत्त झालो तेव्हा छातीवर विनाअपघात सेवेचा बिल्ला होता. आणि ही उभी गाडी मला पाडते.

६ ऑक्टोबर

ही गाडी का घेतली ते लिहून ठेवतो. उद्या मलाच प्रश्न पडायचा.

झरी जामणीकडे माझी मुक्कामी बस असायची. संध्याकाळी जायचं, बसमध्येच झोपायचं, सकाळी माणसं भरून परत. शेवटच्या थांब्यावर चिंचेखाली बस वळवायची. चिंचेच्या पुढं रस्ता संपत नव्हता. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या जंगलातून टेकडीवर चढून जायच्या. कंडक्टर नेमसिंग म्हणायचा, "एक डाव जाऊन पाहू न, भाऊ." वेळ कुठं होता! इतकी वर्षं तिथूनच मागं फिरलो. वर काय आहे देव जाणे — अर्थात मी देव मानत नाही, पण वर काय आहे ते मला माहीत नाही.

साधनाला मागं बसवून तिथं जायचं आहे. दिवाळी झाली की.

१० ऑक्टोबर

आता गिअर. दुसरा पडला की तिसरा, पायाला कळतच नाही. इंजिन बोंबलतं तेव्हा कळतं. गिअरबॉक्समध्ये काहीतरी खोट आहे. नवी गाडी म्हणून मी गप्प बसणार नाही. ड्रायव्हरच्या पायाला गाडीचं दुखणं आधी समजतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मला दिलेल्या बसचा क्लच असाच मेलेला होता. रोज तक्रार लिहायचो. मेकॅनिक म्हणायचा काही नाही. भांडून बस बदलून घेतली, तर दुसरीचाही तसाच. कोणाला पडलेली नसते.

१३ ऑक्टोबर

पुन्हा पडली. पेट्रोल पंपावर. सगळ्यांनी पाहिलं.

१६ ऑक्टोबर

शोरूमला गेलो. तिथल्या मेकॅनिकने एक चक्कर मारली नि हसत परत आला. "काका, मक्खन चालून राह्यली." मी म्हटलं, माझ्यासमोर गिअर टाकून दाखव. दाखवले. पडले. माझ्यासमोर मुद्दाम नीट चालते ही! त्याने गिअरची दांडी थोडी खाली करून दिली. माझ्या बुटाकडे पाहून म्हणाला, "बूट लय जाड हाय तुमचे. कसं समजन?"

१९ ऑक्टोबर

बूट सोडले. चप्पल घालून राळेगावच्या बाजारात गेलो. दिवाळीची गर्दी, जागोजागी थांबलो, पडलो नाही. खुशीत घरी आलो.

साधना दारात. "दुसरी चप्पल कुठी हाय?"

खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी! आम्ही दोघंही खूप हसलो. चप्पल चौकातल्या गतिरोधकाजवळ सापडली. पाय ठेवायच्या दांडीला दाते आहेत, त्यातच अडकली असणार. असली दांडी कोणी बनवतं का?

२७ ऑक्टोबर

नेमसिंग आला होता. त्याच्या चहात साखर, माझ्या नाही — गेली काही वर्षं साधनाचा हाच कायदा. चहाच्या टपरीवर तो कायदा चालत नाही, हे तिला सांगायचं नाही.

नेमसिंग म्हणाला, "इकून टाका, भाऊ. स्कूटर घ्या. वहिनीले बी बसता येईन." मी चिडलो. नको ते बोललो. तो न रागावता गेला.

खरं सांगू? मला भीती वाटते. घाटात, पावसात, भरली बस चालवताना कधी वाटली नाही. आता चौक जवळ आला की दुरूनच दोन्ही पाय खाली सोडतो. एकटा पडलो तर पडलो. पण साधना मागं असताना पडली तर?

तिने मात्र बसायची युक्ती काढली आहे. गाडी ओट्याला लावायची आणि ओट्यावरून सीटवर सरकायचं. "मी तयार हाय. तुम्हीच कायले थांबले?"

३ नोव्हेंबर

विकायची ठरवली. साधना म्हणाली, "एक डाव तिथं जाऊ. मंग इका."

५ नोव्हेंबर, बुधवार

गेलो. चिंचेपर्यंत.

रस्ताभर पडलो नाही. चहाच्या झोपडीसमोर उतरलो, चाकोऱ्या तशाच वर गेलेल्या. मी धुळीची पॅन्ट वर दुमडून बाकावर बसलो. साधना वाकली. "हे काय हो?"

उजव्या पायाची आतल्या बाजूची कातडी सोललेली. सायलेन्सरच्या नळीला टेकून भाजलेली. केव्हा, मला माहीत नाही.

"आग होत नाही?"

"नाही."

ती खाली बसली. माझं पाऊल मांडीवर घेतलं. मी टेकडीकडे पाहत होतो. म्हटलं, "चिमटा काढून पाह्य बरं."

"काढला न," ती म्हणाली. "कवाचीच काढून राह्यली."

मग दुसरं पाऊल. तेच.

चहावाल्याकडे गाडी ठेवली, किल्ली दिली, दुपारच्या एसटीने परत आलो. तिथूनच मागं फिरलो, नेहमीसारखा. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. साधना खिडकीबाहेर पाहत होती. मी ड्रायव्हरचे पाय पाहत होतो.

७ नोव्हेंबर

यवतमाळला डॉक्टरांना दाखवलं. शुगर जुनी, फार वाढलेली. पायाच्या नसा गेल्यात. आता कुठलीच गाडी चालवायची नाही. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे हे? साधना म्हणाली, "गाडी घेतली तवापासून." मी मान हलवली.

त्या बसचा क्लच चांगला होता. दुसरीचाही. माझ्यामागं सगळ्या सीट भरून वर माणसं उभी असायची. नेमसिंग डबल बेल मारायचा आणि मी निघायचो.