तोमे आत्याने न पाहिलेली कुस्ती

कुरोइशी,
शुक्रवार, २३ जानेवारी

चि. शिओरीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र वन्संच्याच हाती देते आहे, म्हणून पाकीट दोनदा चिकटवलं आहे. फोनवर तू नुसतं हो हो म्हणतेस आणि मग मी काय म्हणाले होते ते आठवत बसतेस. पत्र चार वेळा वाचता येतं. तर चार वेळा वाच.

आपल्या धाकट्या गेन्ताच्या सहा कुस्त्या झाल्या. तीन जिंकला, तीन हरला. सातवी आणि शेवटची रविवारी. सुमोत खालून तिसऱ्या पायरीवर त्याला अडीच वर्षं झाली. या खेपेला चार कुस्त्या पुऱ्या जिंकल्या नाहीत तर खेळ सोडून घरी यायचं, असा शब्द त्यानं तुझ्या बाबांना दिला आहे. बाबांनी सफरचंदांच्या छाटणीसाठी नवी करवत आणि गेन्ताच्या मापाचे बर्फातले बूट आणून दारातच ठेवले आहेत. मी त्या बुटांना रोज अडखळते. मला विचारशील तर मी दोन्ही बाजूंनी आहे, त्यामुळे मला कुणी विचारत नाही.

वन्संचं तुला ठाऊकच आहे. त्यांनी गेन्ताच्या सात कुस्त्या पाहिल्या आणि सातही तो हरला. तेव्हापासून, म्हणजे दीड वर्ष, त्याच्या कुस्तीच्या वेळी त्या दुकानात कात्री खाली ठेवतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. नोव्हेंबरात एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पाऊण तास ताटकळलं. ही कुस्ती कदाचित शेवटची, म्हणून तोक्योला जायचंच म्हणतात. मात्र त्याची कुस्ती संपल्यावरच आत पाऊल टाकणार. यातलं गेन्ताला काही कळू द्यायचं नाही. पोराच्या डोक्यावर आणखी ओझं नको.

तेव्हा सकाळी त्यांना आसाकुसाच्या देवळात ने, फिरव, दमव. कुस्ती तू बघ आणि मग त्यांना आत घेऊन जा. सकाळपासून चार पायांच्या जनावराचं मांस तोंडात घालू नकोस. हात जमिनीला टेकला की पैलवान हरला, आणि चार पायांची जनावरं सदाच टेकलेली असतात. कोंबडी दोन पायांवर उभी असते, ती खा.

माया आहेच, ती कमी व्हायची नाही. स्वेटर घाल.

तुझी,
आई

*

तोक्यो,
सोमवार, २६ जानेवारी

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

निकाल तुला कळलाच असेल. तरी क्रमानं लिहिते, कारण माझ्याकडून काही चुका झाल्या आहेत आणि त्या सगळ्या निकालाच्या आधीच्या आहेत.

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. तरीही रविवारी सकाळी आत्या आंघोळीला गेली असताना मी कोपऱ्यावरच्या दुकानातून वाफाळता पाव आणला आणि खाल्ला. अर्धा खाल्ल्यावर लक्षात आलं की आत डुकराचा खिमा आहे. औषधांच्या पाकिटातले कागद तपासायची माझी नोकरी; एक चुकीचं टिंब माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि अख्खं डुक्कर सुटलं. उरलेला अर्धा मी रुमालात गुंडाळून दिवसभर पर्समध्ये बाळगला, कारण टाकणं शुभ की अशुभ ते पत्रात नव्हतं.

आसाकुसात आत्यानं देऊळ कमी आणि लोकांचे केस जास्त पाहिले. पुढे चालणाऱ्या माणसाच्या मानेवर वस्तरा कुणी फिरवला त्याला शिक्षा व्हायला हवी, असं ती त्या माणसाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. मग भविष्याची चिठ्ठी काढली. निघाली अशुभ. अशुभ चिठ्ठी तिथेच सोडायची असते, म्हणून ती तिथल्या तारेला बांधून टाकली आणि दुसरी काढली. तीही अशुभ. तिसरी मध्यम शुभ निघाली, तेव्हा आत्या म्हणाली की देवसुद्धा दोनदा सांगितल्याशिवाय नीट ऐकत नाही. पहिल्या दोन चिठ्ठ्या मोजायच्या की नाहीत, हे मी विचारलं नाही. पण विचार मात्र करत होते.

नदी ओलांडून आम्ही र्‍योगोकूला, सुमोच्या आखाड्याकडे आलो. रस्त्यानं दोन पैलवान चालले होते. त्यांच्या केसांच्या तेलाचा गोड वास आला तशी आत्या थांबली, आणि वास जाईपर्यंत तिथेच उभी राहिली. मी तिला आखाड्याशेजारच्या बागेत तळ्याकाठी बाकावर बसवलं, हातात गरम चहाची बाटली दिली आणि मी येईपर्यंत हलायचं नाही असं बजावलं. तिचं तिकीट मात्र तिच्याकडेच ठेवलं. माझ्याकडून दोन तिकिटं हरवण्यापेक्षा एक हरवलेलं बरं, असा हिशेब होता. ही दुसरी चूक.

वर, स्वस्तातल्या रांगेत, मी एकटीच होते म्हटलं तरी चालेल. गेन्ताच्या आधी अकरा कुस्त्या होत्या. पाच झाल्या आणि मला आत्याची काळजी लागली. इतकी थंडी, तळं, तिचा गुडघा. सहा कुस्त्यांत जाऊन येता येईल असं वाटलं. आई, खालच्या पायरीच्या कुस्त्या किती भराभर उरकतात ते तुला ठाऊक आहे. बाकावर चहाची बाटली होती, आत्या नव्हती. मी तळ्याभोवती एक फेरी मारली, पाण्यातही पाहिलं, आणि पळत परत आले.

वरच्या मजल्यावर रांगांच्या दाराशी, बाहेरच्या बोळाकडे तोंड करून आत्या उभी होती. सफरचंद संघाचं ते हिरवंगार जाकीट. पाठ आखाड्याकडे, नाक समोरच्या तसबिरीला जवळजवळ टेकलेलं. मी तिच्याजवळ पोचले तेवढ्यात लोक ओरडले. वळून पाहिलं तर गेन्ता उठत होता, आणि त्याच्या पाठीला वाळू होती.

म्हणजे बघायचं काम ज्या एकटीवर सोपवलं होतं तिनं कुस्ती पाहिली नाही. कशी झाली ते मला सांगता येत नाही. क्षमा कर.

आत्या म्हणाली की बागेत बसवेना, निदान आवाज तरी ऐकावा म्हणून आली. पण पाहिलं नाही, शपथेवर.

खाली मागच्या दारापाशी गेन्ता भेटला. एवढा मोठा देह आणि शाळेतून कमी मार्क घेऊन आल्यासारखा उभा. त्यानं पहिलं हेच विचारलं की आत्या, तू पाहिलंस का. आत्या मोठ्या अभिमानानं म्हणाली की मुळीच नाही. आई, त्याचं तोंड इतकंसं झालं. मग खाली बघत तो म्हणाला की दीड वर्ष झालं, तू माझी एक कुस्ती बघितली नाहीस, विषय काढला की गिऱ्हाईक आलं म्हणतेस. मी असं काय केलं ते तरी सांग.

आत्या नुसती जाकिटाची चेन वरखाली करू लागली. मला खोटं सुचत नाही, म्हणून मी सगळं सांगून टाकलं. सातच्या सात, भिंत, अर्धी दाढी. तू कळू द्यायचं नाही म्हणाली होतीस. ही तिसरी चूक, पण हिच्याबद्दल मी क्षमा मागत नाही.

मग आत्यानं त्याच्या वाळूच्या पाठीत असा धपाटा घातला की रखवालदार वळला. म्हणाली, गाढवा, आज मी पाहिलं नाही तरी हरलासच ना, म्हणजे दोष माझ्या डोळ्यांचा नव्हता, तुझ्या कंबरेचा आहे; मार्चमध्ये ओसाकाच्या स्पर्धेला मी पुढच्या रांगेत बसणार. वर त्याला ऐकवलं की उजवा हात उशिरा गेला. गेन्ता म्हणाला, डावा. आत्या म्हणाली, तेच ते. तिला कसं कळलं विचारलं, तर म्हणाली की सत्तेचाळीस वर्षं कात्री चालवते आहे, आवाजावरून हात कळतो.

नंतर आम्ही वर बसून काडीवर भाजलेली कोंबडी खाल्ली आणि मोठ्या पैलवानांच्या कुस्त्या पाहिल्या. आत्या इतकी ओरडली की पुढच्या रांगेतल्या काकूंनी तिला खडीसाखर दिली.

पावाचं बाबांना सांगू नकोस. माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
शिओरी

*

तोक्यो,
मंगळवार, २७ जानेवारी

ती. बाबांना,
सा. नमस्कार.

पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही गप्प बसता आणि मला त्याची भीती वाटते.

मी शब्द दिला होता. तीन जिंकल्या, चार हरलो. शब्दाप्रमाणे मी आता घरी यायला हवं. बाबा, शनिवारपर्यंत मला खरंच यायचं होतं. मला वाटत होतं की आत्यानंसुद्धा माझा नाद सोडला. मी सात वर्षांचा असताना देवळापुढच्या आखाड्यात तिनंच मला ढकललं होतं. तिनंच पाठ फिरवली तर कुणासाठी पडायचं, असं वाटायचं.

आता ती ओसाकाला येते म्हणते. ती समोर बसलेली असताना मला एकदा जिंकायचं आहे. मार्चपर्यंत मुदत द्या. तेव्हा हरलो तर घरी येऊन छाटणी करीन, वर्षभर तोंड उघडणार नाही.

करवतीला तेल लावून ठेवा, गंजू देऊ नका. ताईला सांगा की सकाळी कुणी काय खाल्लं यावर माझी कंबर चालत नाही. काल तिनं मला रुमालातला पाव दाखवला आणि ती रडली. मी तो खाऊन टाकला.

रागावला असाल तर रागवा, पण पत्राला उत्तर द्या.

आपला,
गेन्ता

*

कुरोइशी,
शुक्रवार, ३० जानेवारी

चि. शिओरीस,
तोमे आत्याचे भरघोस आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीनं वाचून दाखवलं. डुक्कर आलं तिथे ती थांबली आणि पुन्हा वाचलं.

गेन्ताचं पत्र तुझ्या बापानं दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी गेन्ताचे ते बूट आत दोन जोड मोजे घालून स्वतःच्या पायात चढवले आणि छाटणीला गेला. संध्याकाळी माझ्या खुर्चीत केस कापायला बसला, आरशात बघत राहिला, आणि म्हणाला की ओसाकाचा आखाडा स्टेशनपासून किती लांब असतो गं. मी म्हटलं, मान सरळ ठेव. त्याचा तो प्रश्नच गेन्ताला उत्तर म्हणून कळवला आहे.

आता तुझं. तुला चुकलेलं टिंब झोपू देत नाही, म्हणून फक्त तुलाच सांगते. ज्या तसबिरीला मी नाक लावून उभी होते, तिला काच होती. बोळात अंधार आणि आखाड्यावर ते एवढे दिवे. काचेत सगळं लख्ख दिसत होतं. मी डोळे मिटले होते, पण गेन्ता वाकला तेव्हा उघडले. काचेत दिसणारं धरायचं नाही, असं मनाशी म्हटलं. आखाडा उलटा दिसत होता आणि पोरगा त्या उलट्यातही पडला. त्याचा डावा हात उशिरा गेला, तो मला उजवा दिसला.

म्हणजे आठापैकी आठ. खोटी शपथ घेतली, ती देवाला कळली असेल. त्या दोन अशुभ चिठ्ठ्या त्यानं त्याचसाठी दिल्या असणार.

पण शिओरी, मी पाहिलं नाही म्हटल्यावर त्या पोराचं तोंड कसं झालं ते तू पाहिलंस ना? आठाचे नऊ झाले तरी चालतील मला. दहाही होऊ देत. ते तोंड मला परत बघायचं नाही. दुकानाच्या दारावर पाटी लावून टाकली आहे: मार्चमध्ये पंधरा दिवस बंद, दाढ्या घरी करा.

हे कुणाला सांगू नकोस. तुला खोटं सुचत नाही हे मला माहीत आहे, म्हणून कुणी विचारलं तर तोंडात पाव घाल. पत्र फाडून टाक. फाडणार नाहीस, तारीख लावून ठेवशील. मग निदान पाकीट दोनदा चिकटव. त्याचा उपयोग नसतो म्हणा. वहिनीचं दोनदा चिकटवलेलं पाकीट मी गाडीत तिसऱ्यांदा चिकटवलं होतं.

तळ्याच्या पाण्यात मला शोधलंस, ते आत्या विसरायची नाही.

तुझीच,
तोमे आत्या