दिनकरचं बोट

मंगळवार संध्याकाळ, अमरावती

आज पुन्हा अकोल्याला दिनकरकडे जाऊन आलो. पक्षाघातानं त्याची वाचा गेलीय, म्हणून त्याच्या लाडक्या गायकाचा अल्बम लावला. तोंडाला पांढरं फासून ऑपेरा आणि पॉप एकाच दमात गाणारा विलायती विक्षिप्त! पूर्वी मी कानांवर हात ठेवले की दिनकर म्हणे, "तुले काय कळते, पंडित? तू श्लोक घोक." आणि आवाज आणखी वाढवी.

आज गाणं टिपेला पोचलं आणि दिनकरनं एक बोट वर केलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे 'बंद करा' म्हणून राहिले का 'वाढवा'?"

जन्माची मैत्री, पण मला कळेना. आधी वाढवलं. मग बंद केलं. बोट तसंच वर.

घरी येऊन मघापासून स्वतःचंच बोट वर करून बघतोय. काय म्हणत असेल?