तात्यांची श्रद्धांजली आणि तुमची बटणे

मु. पो. वडवणीच्या अलीकडे,
श्रावणातला शनिवार, २०१९

रा. रा. त्रिंबकराव दाजी यांना मुंजाजीचा नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल. चि. शिवकन्येची तब्येत बरी असेल. पुण्यात पाऊस असेल आणि नळाला पाणी असेल. इकडे दोन्ही नाही. तुम्ही विचारले असते तर सविस्तर कळवले असते. पत्रास कारण की, असे लिहायची रीत आहे. या पत्रास कारण तुम्ही आहात.

फोन का केला नाही, असे तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही मीटिंगमध्ये असता. शिवाय तुम्ही आमच्या घरचे जावई. जावयाला तोंडावर बोलायची आमच्यात पद्धत नाही. आमच्या वडिलांनी तुम्हाला आयुष्यात एकदाही 'नाही' म्हटले नाही (लग्नात तुम्ही गाडी मागितली तेव्हा ते फक्त आजारी पडले). म्हणून पत्र. पत्रात मान राखून रागावता येते, असा माझा समज आहे. जिथे मान राखलेला दिसणार नाही तिथे तो राखला आहे असे धरून वाचावे.

शिवकन्येला घालवायला मी पुण्याला आलो होतो, ते आठवा. तुम्ही घरूनच काम करत होता. मी शेजारी बसलो. तुम्ही मला विचारले, ऑफिसात कॉम्प्युटर आहे ना? मी हो म्हणालो. गावच्या शेती सोसायटीचा सचिव आहे, कॉम्प्युटर असणारच. तुम्ही म्हणालात, करून दाखवा. मी माऊस धरला आणि तुम्ही हसलात. शिवकन्येला बोलावून हसलात. 'मेव्हणे, माऊस म्हणजे बैलगाडी. बोटांना वाट पाठ झाली पाहिजे. मान वरच करायची नाही. जो पडद्याकडे बघतो तो मागे पडतो.' आणि मग जेवण होईपर्यंत तुम्ही मला बटणे शिकवलीत. कंट्रोल सी दाबले की उचलायचे. कंट्रोल व्ही दाबले की ठेवायचे. एफ म्हणजे शोध, झेड म्हणजे झालेले मागे, पी म्हणजे छापून बाहेर. मी शिकलो. तो माझा दोष. पण जावयाने शिकवलेले शिकायचे नाही, हीसुद्धा आमच्यात पद्धत नाही.

आता आमच्या ऑफिसात काम म्हणजे काय असते हे तुम्हाला माहीत नाही, आणि माहीत नसताना तुम्ही ते वेगाने करायला शिकवलेत. दुष्काळातली जनावरांची छावणी सुरू झाल्यापासून सभासद चाऱ्याच्या पावतीला येतो. चार कोस चालून आलेला असतो. तो माझ्या पाठीमागे उभा राहतो. मी माऊसने यादी खाली सरकवतो. अख्खे गाव त्याच्या डोळ्यांसमोरून जाते. कुणाची जनावरे छावणीत आली, कुणी विकली, कारखान्यावर ऊस तोडायला गेलेल्यांपैकी कोण अजून परतला नाही, हे सगळे तो उभ्याउभ्या वाचतो. त्याचे स्वतःचे नाव येईपर्यंत त्याचा घाम वाळलेला असतो आणि पाणी पिऊन झालेले असते. मग तो पावती घेऊन समाधानाने जातो. पुण्याहून आल्यावर मी कंट्रोल एफ दाबले. नाव लगेच आले. पाठीमागे आमचा धुळाजी उभा होता. तो म्हणाला, "झालं?" मी म्हणालो, झालं. "येवढ्यात? मधली माणसं कुठं गेली?" मी म्हणालो, आहेत तिथेच, पण तुझे नाव सापडले. तो खाली बसला. "न्हाई, शेक्रेटरी. तुमी तपासलं न्हाई. उगं काहीतरी दाबलं. पहिल्यापसून दावा." त्याला पहिल्यापासून दाखवले. त्याच्या मागच्यालाही दाखवले. म्हणजे कंट्रोल एफने नाव शोधायचे, आणि मग शोधलेच नाही असे समजून पुन्हा माऊसने शोधायचे. हा तुमचा वेग.

तरीही बाकीची कामे लवकर उरकू लागली, हे खोटे सांगणार नाही. त्याचा परिणाम असा की दुपारच्या आत मी मोकळा दिसू लागलो. सहकारात मोकळे दिसणे यासारखा गुन्हा नाही. आमचे चेअरमन उत्तरेश्वरआप्पा दारातून डोकावले आणि म्हणाले, "मोकळेच दिसता." त्या दिवसापासून टँकरच्या खेपा माझ्याकडे, छावणीची हजेरी माझ्याकडे, आणि वार्षिक सभेचा अहवालही माझ्याकडे आला. पूर्वी अहवाल आम्ही तिघे मिळून करायचो. दोघे भांडायचे आणि तिसरा लिहायचा. त्यामुळे चुका राहत नसत.

अहवाल कसा होतो ते सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. अहवाल नवा कुणी लिहीत नाही. गेल्या वर्षीचा घ्यायचा आणि नावे बदलायची. सुरुवातीला वर्षभरात वारलेल्या सभासदांना श्रद्धांजली असते. शेवटी कुणाचे तरी अभिनंदन असते. मधले कुणी वाचत नाही (सुरुवात आणि शेवटही वाचत नाहीत, हे आता सिद्ध झाले आहे). यंदा अभिनंदन तिघांचे होते. छावणीच्या हौदाला ज्यांनी आपल्या बोअरचे पाणी फुकट दिले ते तिघे. त्यात पहिले नाव तुमच्या वडिलांचे, सर्जेरावतात्यांचे. मी तिघांची नावे कंट्रोल सीने उचलली आणि अभिनंदनाखाली ठेवली. मग वारलेल्यांची नावे उचलायला गेलो. उचलताना करंगळी घसरली असावी. ती उचललीच गेली नाहीत. तरी मी तुमच्या शिकवणीप्रमाणे मान वर न करता श्रद्धांजलीत जाऊन व्ही दाबला. आधी उचलले होते तेच पुन्हा उतरले. लगेच पी दाबला. मशीन सुरू झाले. बोटांना वाट पाठ होती, दाजी. डोळ्यांना नव्हती.

सभा छावणीतच घेतली. हिरव्या जाळीखाली. जनावरे तिथे असल्यामुळे माणसे आपोआप असतात आणि गणपूर्तीची अडचण येत नाही. कडेला चिवड्याच्या पुड्या बांधून ठेवल्या होत्या. सगळ्यांचे लक्ष तिकडे. मी उभा राहून श्रद्धांजली वाचली. माझ्या तोंडाने वाचली. सर्जेराव म्हणालो तेव्हा मलाही काही वाटले नाही, कारण अहवाल वाचताना सचिव ऐकत नसतो. सगळे उभे राहिले. तात्या पहिल्या रांगेत होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, मान खाली घातली आणि स्वतःसाठी शांत उभे राहिले. सगळे बसल्यावरही थोडे उभे होते, त्यांच्या गुडघ्यांना बसायला वेळ लागतो. मग मी विचारले, मंजूर? सगळे म्हणाले, मंजूर. तात्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पुढे अभिनंदनाचा विषय आला. तात्यांना बोलावले, शाल दिली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. मयताने नारळ काखेत मारला आणि चिवडा घेऊन घरी गेला.

सभेत ऐकत होती फक्त वत्सलाबाई. ज्येष्ठात तिचा नवरा गेला. त्याचे नाव घेतील म्हणून ती आली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या उंबऱ्यावर येऊन बसली. आत ये म्हणालो तर आली नाही. "शेक्रेटरी, आमच्या माणसाचं नाव कावून घेतलं न्हाई? सगळे उभे राहिले ते मग कुणासाठी?" मी छापील अहवाल उघडला. दाजी, त्या बाईला काय उत्तर द्यायचे हे तुमच्या कुठल्या बटणात आहे ते मला कळवा. मी तिच्यासमोर उभा राहिलो. एकटा. हात बांधून. तिने माझ्याकडे बघितले आणि "बरं" म्हणून निघून गेली. तिने शिवी दिली असती तर बरे झाले असते.

ती गेली आणि आमचे व्हाइस चेअरमन आसाराम आले. ते छावणीचे प्रमुखही आहेत. छावणीचा नियम असा, की जागा सभासदाच्या नावावर. सभासद वारला तर वारसाची नोंद होईपर्यंत जागा रिकामी धरायची आणि पुढच्या नंबरला द्यायची. पुढचा नंबर आसारामांच्या म्हशींचा होता. त्यांनी अहवाल हातात धरला होता आणि चेहरा दुःखी ठेवला होता. "तात्या गेले म्हणं. लई वाईट झालं." मी म्हणालो, तात्या आत्ता पारावर बसले आहेत. "असतील. पर ठराव झालाय."

आप्पांना बोलावले. त्यांना तुमच्या झेडची माहिती होती, कारण मीच कौतुकाने सांगितली होती. "ते मागं जायचं बटण हाय ना तुमचं? दाबा की." मी दाबले. पडद्यावर श्रद्धांजलीतली तिन्ही नावे गेली. आप्पा म्हणाले, "झाले का जिवंत?" मी म्हणालो, झाले. आसाराम म्हणाले, "कॉम्प्युटरात जिवंत झाले. सभेत मयतच हायत. आता तुमीच सांगा, सभा मोठी का कॉम्प्युटर?" आप्पांनी माझ्याकडे बघितले, मी आप्पांकडे. दोघांनाही नोकरी आणि खुर्ची प्रिय. सर्वसाधारण सभेचा ठराव सर्वसाधारण सभाच फिरवू शकते. कायदा तसाच आहे. मीच तो दर वर्षी वाचून दाखवतो.

बाकी दोन मयतांची काही तक्रार नाही. त्यांची जनावरे छावणीत नाहीत. त्यातला शहादेव तर खूश आहे. वर्षभर वर्गणी मागायला कुणी येणार नाही म्हणतो. प्रश्न तात्यांचा आहे. मी त्यांना म्हणालो, तुम्ही जिवंत आहात असा साधा अर्ज द्या, मी पुढे रेटतो. ते म्हणाले, "मी जिता हाय ह्याचा अर्ज करू? कुणाकडं? आसारामकडं? त्याच्या बापाला मी खांदा दिलाय." आणि ते उठले. छावणीत गेले. आपल्या दोन्ही गाई आणि बैलजोडी सोडली आणि आणून माझ्या ऑफिसच्या खिडकीच्या गजांना बांधली. "तू मारलंस. आता तू पोस."

दाजी, आता हे पत्र मी त्या खिडकीशी बसून लिहितो आहे. कॉम्प्युटर झाकून ठेवला आहे, कारण पांढरी गाय आत तोंड घालते. सभासद पावतीला येतात ते आधी बैलांना वळसा घालतात आणि मग मला सल्ला देतात. कडब्याचा भाव तुम्हाला पुण्यात कळणार नाही, म्हणून सांगत नाही. आमच्या घरी माझ्याशी कुणी बोलत नाही. तुमच्या मातोश्री भिवराबाई सकाळी येतात, जनावरांना हात लावतात, माझ्याकडे न बघता म्हणतात, "शिकलेली माणसं," आणि जातात. शिकवणारा कोण होता हे मी त्यांना सांगितलेले नाही. यात तुमचा मान राखला आहे, हे लक्षात घ्यावे.

तुम्ही म्हणाल, चूक मेव्हण्याची. असेल. पण बैलगाडीत बसलेला माणूस कुणाला इतक्या लवकर मारू शकत नाही. मी तीस वर्षे हळू काम केले. उशीर झाला असेल, बोलणी खाल्ली असतील. जिता माणूस कधी दगावला नाही. तुमच्या वेगाने एका दुपारीत तीन गेले, आणि जी खरोखर गेली होती ती गेलेलीसुद्धा राहिली नाहीत. वत्सलाबाईच्या नवऱ्याला आता कुठे ठेवू? तो ना जिवंतांत ना मयतांत. मान वर करून एकदा बघायला किती वेळ लागला असता? तुम्ही हसला असता, एवढेच ना?

राग फार झाला. थांबतो. थोरांना नमस्कार सांगण्यासारखे तुमच्या घरात तुम्हीच थोर, तेव्हा तो आपापसांत वाटून घ्यावा. शिवकन्येला आशीर्वाद. तिला हे पत्र वाचायला देऊ नये.

आपला,
मुंजाजी

ता. क. मुख्य लिहायचे राहिले. वारसाची नोंद झाली तर जागा त्याच दिवशी परत मिळते. वारस म्हणजे तुम्ही, एकुलते एक. तरी शुक्रवारी येऊन वडिलांचे वारस म्हणून सही करावी. मृत्यूचा दाखला लागत नाही, ठरावाची प्रत मी जोडतो. डोक्याचे केस काढून येण्याची गरज नाही, समितीने तसे मागितलेले नाही. तात्या स्वतः साक्षीदार म्हणून सही करायला तयार आहेत.

ता. क. २. पत्र पाकिटात घालणार होतो तेवढ्यात आप्पा आले, मागोमाग तात्याही. वत्सलाबाई काल आसारामांच्या घरी गेली होती. काय बोलली कुणाला माहीत नाही. आसाराम नरमले आहेत. विशेष सभेची नोटीस निघाली. तिच्या नवऱ्याचे नाव घेऊन उभे राहायचे आणि तिन्ही जित्यांचा ठराव मागे घ्यायचा, असे ठरले. गाई-बैल आत्ताच सोडून छावणीत नेले. तेव्हा वरची ता. क. खोडायला घेतली. तात्यांनी हात धरला. "राहू दे ती." मी म्हणालो, आता वारसाची गरज नाही. ते म्हणाले, "तुला न्हाई. छावणी उघडली तवा पोराला बोलावलं, आला न्हाई. मी आजारी पडलो, आला न्हाई. आता वारस म्हणून बोलीव. बघू तरी." म्हणून ती खोडलेली नाही.

ता. क. ३. वरची दुसरी ता. क. तात्यांना दाखवलेली नाही. तुम्हीही ती वाचली नाही असे समजून या. वेशीतून आत येताना तोंड जरा उतरलेले ठेवा. त्यांना बरे वाटेल.