इंद्रजीतचा उकिरडा

छत्रपती संभाजीनगर,
शुक्रवार, दुपार

प्रिय शिवशंकर,

टप्... टप्... टप्. आठवतो का हा आवाज? वैजापूरकर गुरुजी टेबलावर रूळ आपटत भुजंगप्रयात म्हणून घ्यायचे आणि तू नेमका ओळीच्या मध्यावर शिंकायचास. पण आधी रीतीचं घेतो. वर्गबंधू म्हणून आलिंगन, मेहुणा म्हणून रामराम. हवा तो मान अगोदर घे. तुझा गुडघा आणि तुझी म्हैस, दोघांची तब्येत कळव. तुझी बहीण ठणठणीत आहे, हे तिच्या आवाजावरून सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

तर तोच ठेका साठ वर्षांनी मी परवा हर्सूलकडच्या एका टेनिस कोर्टावर ऐकला. कारण आपली नात प्रांजली. तिनं लग्नासाठी इंद्रजीत नावाचा मुलगा निवडलाय, धंदा टेनिस. (खेळून पोट भरतं हे पटायला मला दोन दिवस लागले. आपण खेळलो की जेवण बंद व्हायचं.) रविवारी मुलाकडचे येणार. सुदर्शन, म्हणजे तिचा बाप आणि आमचे चिरंजीव, मला म्हणाला, "आबा, पोराची ऐपत किती ते तोवर काढा. आकडा नाय, तर पोरगी नाय." तेव्हापासून पोरगी धड जेवत नाही, मी कविता म्हणून दाखवली तर आणखीच रडते.

मोबाइलवर पाहिलं. एक म्हणतो सव्वादोन कोटी, दुसरा म्हणतो अठरा लाख, तिसऱ्यानं तर त्याला बायको आणि दोन मुलंही देऊन टाकली. प्रांजली म्हणाली, सगळे अंदाजपंचे, तो जगात सातशेएकोणिसावा आहे. मला तर भरून आलं. एवढ्या मोठ्या जगात सातशेएकोणिसावा! आपण बावीस पोरांत एकविसावे आणि बाविसावे होतो.

मग तुझ्या वडिलांची रीत आठवली. मला पाहायला आले तेव्हा त्यांनी ना घर पाहिलं, ना मला. सरळ मागं जाऊन काठीनं उकिरडा मोजला. जेवढं शेण तेवढी जनावरं, जेवढी जनावरं तेवढी ऐपत. "चार काठ्या भरला, द्या पोरगी!" ती काठी अजून तुझ्या हातात असते, आणि तो किस्सा प्रत्येक लग्नात तुझ्या तोंडात.

टेनिसवाल्याचा उकिरडा शोधला. कोर्टामागं टक्कल पडलेल्या चेंडूंचा ढीग, माझ्या छातीएवढा! छत्रीनं मोजायला वाकलो, तेवढ्यात पलीकडं टप्, टप् सुरू झालं. डोळे मिटून लघू-गुरू मोजू लागलो, तोल गेला, आणि तीनेकशे चेंडूंसकट मी थेट कोर्टात उतरलो. खेळ थांबला. मला उचलणारा नेमका इंद्रजीतच.

"लागलं का आजोबा? कोण तुम्ही?"

"भंगारवाला, शहागंजचा," मी ठोकून दिलं. "ढीग केवढ्याला देतो?"

"ढीग माझा नाही, क्लबचा आहे," तो हसला. "माझे हे बूट एवढेच." आणि पाय पुढं केला. उजव्या बुटाचा पुढचा भाग घासून फाटलेला, त्यावर मोच्याचे तीन टाके. जिंकलेलं सगळं पुढच्या स्पर्धेच्या तिकिटात जातं म्हणाला. वर घरापर्यंतचं, औरंगपुऱ्याचं रिक्षाभाडं त्यानंच दिलं. (ऐपतीतून एकशेवीस रुपये वजा कर.)

तुझा,
मनोहर

ता. क. रविवारी ये आणि सुदर्शनला सांग की मामाला मुलगा पसंत आहे. तो माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. आकडा विचारलाच तर खोक.

दुसरा ता. क. आता खरं सांगतो. तुझ्या वडिलांनी मोजलेला उकिरडा आमचा नव्हता. शेजारच्या फकिरा गवळ्याकडून आदल्या दिवशी सहा गाड्या ओढून आणला होता. आमची एकच गाय, तीही भाकड. लग्नानंतर वच्छला गवऱ्या थापायला गेली, तेव्हा ढीग फकिराकडं परत गेला होता. पन्नास वर्षं तिनं माहेरी अवाक्षर काढलं नाही. मी तेव्हा गप्प उभा होतो. हा पोरगा भंगारवाल्याशीसुद्धा खोटं बोलला नाही. माझा हिशेब एवढाच.

तिसरा ता. क. दार वाजलं. बघतो तर तूच! वच्छला आतून म्हणतेय, "म्याच फोन केला दादाला. तुमचं पत्र पोचंस्तोवर पोरीला नातवंडं व्हतील." तू उंबऱ्यातूनच विचारतोयस, "काय दाजी, मोजला का पोराचा उकिरडा?"

हे पत्र तुझ्या हातातच देतो. फक्त वाचण्याआधी ती काठी तेवढी इकडं दे.