गोड बोलण्याचा पगार

सोमवार, ५ जाने.
निवृत्तीनंतरच्या नोकरीचा पहिला पगार जमा. पेन्शनच्या वर हा. बीडमध्ये खासगीतल्या कुठल्याच नर्सला एवढा मिळत नाही.
काम : हॉस्पिटलच्या लॉबीत काचेच्या टेबलामागे बसून हसणे. पद : पेशंट रिलेशन्स हेड. 'नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?' एवढं एक वाक्य पाठ. उत्तर बहुतेक एकच. "संडास कुठंय, मॅडम?"
उभी हयात सरकारी लेबर रूममध्ये बाळंतपणं केली. आता संडास दाखवते.

बुधवार, ७ जाने.
हे म्हणतात, "एसीत बसून पैसे मिळतात, तुझं दुखतंय कुठं?" यांना काय सांगणार. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी बसूनच झाली.
डॉ. निखिलला (मालक, माझ्या मुलाहून लहान) विचारलं, मला लेबर रूममध्ये का घेत नाही? "मॅडम, तुमचं कॉन्व्हेंटचं इंग्लिश आम्हाला बाहेर हवंय. आत नर्स मुली आहेत ना." आहेत. चांगल्या आहेत. मग मी कोण, शोकेसमधली बाहुली?

बुधवार, १४ जाने.
संक्रांत. लॉबीत तिळगूळ. बाकीच्यांना गोड बोलायची सक्ती वर्षातून एकदा. मला रोज, रविवार सोडून.
मॅनेजर म्हणाला, आवाज आणखी थोडा खाली आणा. याहून खाली आणला तर मी गेले समजून लोक हार घेऊन येतील.

सोमवार, १९ जाने.
आजचं नीट लिहिते.
नेकनूरहून गयाबाई म्हणून एक आली, पहिलटकरीण लेक घेऊन. मी माझं वाक्य म्हटलं. तिने मान वाकडी करून बघितलं. "तुमी सरकारीतल्या वरडणाऱ्या सिस्टर न्हवं? ही पोरगी तुमच्याच हातची हाय." मग हळूच, "कावून अशा बोलायल्या? बरं न्हाई का?"
दुपारी लेक थकली. कळा चांगल्या, पण जोर लावेना, नुसती रडे. गयाबाईने लेबर रूमच्या दारात ठिय्या दिला. "त्या वरडणाऱ्या बाईला आत घ्या. न्हाईतर आमी चाललो सरकारीत." शेवटी डॉ. प्राचीच बाहेर आली. निखिलची बायको, बाळंतपणं तीच करते. "सिस्टर, येता का जरा?"
सिस्टर. इथे आल्यापासून पहिल्यांदा.
हात धुतले, गाऊन चढवला, पोरीच्या उशाशी उभी राहिले. "काय गं, उरूस बघायला आलीस का? सगळा जोर रडण्यातच घालवायलीस!"
"मग तुमीच झोपा की हितं!" पोरगी खेकसली.
"मी झोपले दोनदा. आता तुझी पाळी. लाव जोर!"
तिने मला शिव्या दिल्या, मी व्याजासकट परत केल्या. प्राची मास्कआड हसत होती, पण हात तिचे पक्के. मुलगी झाली. आवाज आमच्या दोघींच्या वर.

मंगळवार, २० जाने.
डिलक्स रूमवाल्यांची तक्रार. काल ओरडणं वरच्या मजल्यापर्यंत गेलं. मॅनेजर, "मॅडम, आपली इमेज..."
तडक निखिलच्या केबिनमध्ये. बसा म्हणाला, बसले नाही. मला आत घ्या, पगार नर्सचा द्या. नाहीतर ते टेबल दुसऱ्या कुणाला द्या. माझं रजिस्ट्रेशन चालू आहे, गुडघेही चालू आहेत.
"वयाचा विचार करा, मॅडम. बघू."
बघू! मराठीतला सगळ्यात भित्रा शब्द.
घरी यांना सांगितलं. "पगार निम्मा होईल." थोडा वेळ पेपर वाचला. मग म्हणाले, "काल रात्री भांडी घासताना गात होतीस." मला माहीतच नाही.

गुरुवार, २२ जाने.
निखिलचं उत्तर नाही. गयाबाई लेक-नात घेऊन घरी निघाली. "जावेची सून बाळंत व्हायची हाय फागुनात. तिला घिऊन येते. तुमी कुठं असताल?" म्हटलं, "ये तर खरी."
जिन्यात प्राची भेटली. "उद्या दोन पहिलटकरणी आहेत. निखिलशी बोलणं चालू आहे माझं."
"बोलणं का भांडण?"
"तुमच्याकडून शिकतेय, सिस्टर."

शुक्रवार, २३ जाने., सकाळ
उत्तर नाहीच. निघते. लॉबीत शिरलं की डाव्या हाताला टेबल, उजव्या हाताला लेबर रूम. मी उजवीकडे वळणार आहे. ज्याला अडवायचं त्याने समोर येऊन अडवावं.