बंद मालिकेचे पुढचे भाग

आई, आपलं कोपरखैरण्याचं घर आता पाडायला काढलंय. रिडेव्हलपमेंट. आण्णांचं सामान भाड्याच्या खोलीत हलवायचं म्हणून मी रविवारी गेले होते, तर स्वयंपाकघराची फळी रिकामी करताना डब्यांखालून तुझे निकाल निघाले. दर वर्षी एकतीस डिसेंबरला तू कॅलेंडरचं शेवटचं पान फाडायचीस, पाठीमागच्या कोऱ्या बाजूला मधोमध रेघ मारायचीस, डावीकडे 'बघाव्या' आणि उजवीकडे 'उतरल्या' असं लिहायचीस. वर्षभरातल्या सगळ्या मालिका त्यात वाटल्या जायच्या. आमचं मत विचारायचीस आणि लिहायचीस मात्र आपलंच. मग ते पान फळीवर अंथरलं जायचं. एका मालिकेपुढे लिहिलंयस, 'चौदा महिने झाले, सून अजून बाळंत होईना.' दुसरीपुढे, 'झोपताना बी शालू.' मी तिथेच फरशीवर बसून हसत होते. आण्णा दारातून म्हणाले, "काय घावलं?" मी म्हटलं, "आईचे निकाल." त्यांनी एक पान हातात घेतलं आणि बाहीने त्यावरचं पीठ पुसलं.

तुझ्या शेवटच्या पानाशी मात्र मी अडकले. मुलगी आपल्या मर्जीने लग्न करून घर सोडते, ती आपली मालिका, तुझी सगळ्यात लाडकी, तू चक्क उजवीकडे टाकलीस. पुढे लिहिलंयस, 'दिवाळीआधीच गुंडाळली. बरं झालं.' दिवाळीआधी? अगं, संक्रांत होऊन गेली तरी रोज सकाळी नऊ वाजता तू मला फोनवर तिचे भाग सांगत होतीस. मग तीन महिने तू काय सांगत होतीस?

ते फोन कसे सुरू झाले ते तुला आठवतं का? मी इथल्याच खाडीकाठच्या मुलाशी लग्न केलं. आण्णा म्हणाले, आपल्यातला नाही, विषय संपला. तू चुलीकडे तोंड करून, म्हणजे गॅसकडेच, म्हणालीस, "पुन्हा या घराची पायरी चढू नगंस." मी ऐरोलीला राहायला गेले. मधे फक्त दोन स्टेशनं, आणि सहा महिने तुझा आवाज नाही. मग एक दिवस सकाळी फोन वाजतो. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, एकदम, "आगं, ती गेली की घर सोडून." मी विचारलं, कोण गेली, आई? "ती गं, आठच्या मालिकेतली." माझी शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा, मालिका बघणार कधी? म्हणून मग ते ठरूनच गेलं. आण्णा मार्केटला हमालीवर गेलेले असायचे, नऊ वाजता तू फोन करायचीस आणि काल काय झालं ते सांगायचीस. लग्नाचा विषय तूही काढला नाहीस, मीही नाही.

या आठवड्यात मी ती मालिका मोबाइलवर शोधून काढली. जेवणाच्या सुट्टीत एकेक भाग शेवटाकडून मागे बघत गेले. शेवटी मुलीची आई जिन्यावरून पडते, स्मरणशक्ती जाते आणि लगेच परतही येते, सगळे एका ओळीत उभे राहून हसतात आणि झालं. तुझा निकाल बरोबर आहे, अगदीच उतरली होती. पण आई, त्यातली ती आई लेकीच्या घरी जायला कधीच निघत नाही. एकदाही नाही. आणि तू तर मला तिची अख्खी तयारी सांगितली होतीस. ती कॉफीच्या रिकाम्या बरणीत शेंगदाण्याची चटणी भरते. मी म्हटलं होतं, "बंगल्यातली बाई, बरणीतून चटणी नेणार?" तू म्हणालीस, "न्हेती की. बंगल्यात काय शेंगदानं मिळत न्हाईत?" मग ती स्टेशनवर जाते, तिकीट काढते, गाडी येते आणि ती चढतच नाही. मी हसले. "अगं, तिच्याकडे ड्रायव्हर आहे ना?" "ड्रायव्हर सुट्टीवर हाय," म्हणालीस.

मला आता सारखं कुतूहल वाटतं, हे तू रचायचीस कधी? भाकरी थापताना? की आण्णा बातम्या लावून बसायचे तेव्हा, शेजारी बसून? आदल्या दिवशी काय सांगितलं ते लक्षात कसं ठेवायचीस? एकदाही चुकली नाहीस. आणि खरंच स्टेशनवर गेली होतीस का गं तू? तिकीट काढलंस? कुठल्या फलाटावर बसलीस? की तेही घरातल्या घरातच? मला राग यायला हवा होता, पण येत नाही. मालिका बंद झाली हे सांगितलं असतंस, तर आपला फोन बंद झाला असता, एवढं मला कळतं. दुसरं काही बोलायला आपल्याकडे नव्हतंच. आणि मी काय करत होते? मी तुला म्हणत होते, "किती पाणी घालतायत आई, एवढे दिवस एका बाईला घराबाहेर पडता येत नाही? बंद कर बघणं." असं मी दोनदा तरी म्हटलं असेल. लाज वाटते मला.

मग तो शेवटचा फोन. तुझ्याभोवती त्या दिवशी रस्त्याचा आवाज होता, रिक्षा, हॉर्न. मला वाटलं, भाजीला गेली असशील. तू म्हणालीस, "आज ती पोरीच्या बिल्डिंगखाली हुबी ऱ्हायलीय. वर जायचं धाडस व्हईना. तुला काय वाटतं गं, पोरगी दार उघडंल?" मला त्या दिवशी लवकर बोलावलं होतं, मी ऑफिसचं आयकार्ड शोधत होते, सापडत नव्हतं, डोक्यात नुसतं टेन्शन. मी म्हटलं, "नाही उघडणार. उघडलं तर मालिकाच संपेल ना." तू म्हणालीस, "व्हय, ते बी खरं." आणि फोन ठेवलास. पुढे तीन दिवस नऊचा फोन वाजलाच नाही, आणि चौथ्या दिवशी आला तो आण्णांचा होता, लग्नानंतरचा पहिला. झोपेतच गेली, एवढंच त्यांना बोलता आलं.

नऊ वर्षं झाली. तुझी पानं मी घरी आणलीत. यातलं काहीच आण्णांना सांगितलं नाही, आणि हे पत्रही त्या पानांसोबत माझ्याच फळीवर, डब्यांखाली जाईल. मी उत्तर दिलं ते मालिकेचं दिलं होतं, आई. माझं विचारलं असतंस तर दार उघडायला मी धावतच आले असते. तुझा तो भाग खरा होता की रचलेला, ते मला कळायचा काही मार्ग नाही. पण एक कबूल करते. आयकार्ड मला त्या दिवशी खिडकीतच सापडलं होतं, तुझा फोन कानाला असतानाच. तिसऱ्या मजल्यावरून खालचं गेट स्पष्ट दिसतं. मी कार्ड उचललं आणि आत वळले. खाली बघितलंच नाही.