कमरेतली सुई

२१ जानेवारी
बाराव्या दिवशी पेन हातात. बारसं पुढे ढकललंय, माझ्याने तासभर बसवतच नाही. मागे उशांचा ढीग, तरी कमरेत ठणका. बरोबर बाळंतपणात भुलीची सुई दिली तिथेच. बोट ठेवून दाखवता येईल.

पण हेही लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, "पाठीची कमान करा, अजिबात हलू नका." कळ ऐन भरात आणि म्हणे हलू नका! निखिलच्या दंडात नखं रुतवून बसले. मग पंधरा-वीस मिनिटांत कळा गेल्या. म्हणजे मशीनवर दिसत होत्या, डोंगरामागून डोंगर. माझ्याच पोटात चाललेलं आणि मी बघत पडलेली. बेबीचं डोकं आलं ते डोळे उघडे ठेवून पाहिलं. काळेभोर, ओले केस. मी केलं हे? अजून पटत नाही.

२६ जानेवारी
आई वर्ध्याहून आलीय, महिनाभर आहे. आज परत तेच. "काऊन घेतली वं सुई? मले तुम्ही तिघं झाले. सुई नाही का काही नाही."
तीन-चार तासांच्या आरामासाठी जन्माची कंबर घालवली का मी?
निखिल ऑफिसला, हिंजवडीच्या बसमधून मेसेज करतो, "कशी आहेस?" मी अंगठा पाठवते.

३० जानेवारी
मालिशला शमीमआपा येतात. नारायण पेठेतल्या निम्म्या बाळंतिणी त्यांच्या हाताखालून गेल्यात. आईने त्यांनाही सुईची कथा ऐकवली. आपांनी तेल चोळता चोळता, मान वर न करता: "अहो, सुई न घेतलेल्याही माझ्यासमोर अशाच कण्हतात. त्यांनी कोणाचं नाव घ्यायचं?"
आई तडक स्वयंपाकघरात. मला हसू आलं, आणि हसले तर पाठीतून कळ.

३ फेब्रुवारी
घाबरले आज.
आई भाजी आणायला खाली गेली होती. बेबी गादीवर रडायला लागली. उचलायला वाकले आणि कंबर धरली. वर होता येईना, खाली होता येईना. हातात बेबी असती तर? कशीबशी गुडघ्यांवर, मग कुशीवर, तिच्या शेजारी आडवी. आता दोघी रडतोय.
मग ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. आजवर नजर इकडेतिकडे फिरायची, आज माझ्यावरच थांबली, तोंडाचा चंबू करून. इतक्या जवळून मी तिला पाहिलंच नव्हतं. पापण्या आल्यात तिला. कधी आल्या?
आई आली तेव्हा आम्ही तशाच. आईच्या हातातली पिशवी तिथेच पडली.

६ फेब्रुवारी
फिजिओकडे. "सव्वा महिना झाला नाही," आईचा विरोध. तरी बेबीला घेऊन तीच बरोबर आली. दोन जिने उतरायला दहा मिनिटं.
फिजिओ माझ्याच वयाची. म्हणाली, "सुईच्या जागेचा ठणका काही दिवसांत ओसरतो. हे उरलंय ते बहुतेक पाठीचंच. नऊ महिन्यांत सांधे सैल पडलेत, पोटाचे स्नायू ताणलेत. त्यात पाजताना तुम्ही अशा बसत असणार." आणि कुबड काढून दाखवलं. हुबेहूब मी!
"म्हणजे सुईमुळे नाही?"
"नसावं. पण ताप आला, पाय बधिर वाटले, लघवीवर ताबा राहिला नाही, तर एक दिवसही थांबू नका."
टेबलावर प्लास्टिकचा कणा होता. हातात घेतला. दोन मणक्यांमधली ती फट केवढीशी! मी थरथरत असताना त्या डॉक्टरांनी तिथून सुईची वाट काढली. आणि याच कण्याने पोटातलं ते ओझं महिनोनमहिने पेललं. आपल्या पाठीला मी कधी काही विचारलंच नाही.

११ फेब्रुवारी
व्यायाम चालू. पाजताना कोपराखाली उशी. उठताना आधी कूस. सकाळी बरं, संध्याकाळी जैसे थे. आई सुईबद्दल बोलत नाही.

१५ फेब्रुवारी
मटार सोलता सोलता आई एकदम म्हणाली, "तू झाली तवा दीड वर्ष मले बादली उचलवत नव्हती."
मी विचारलं, "कोणाला सांगितलंस?"
"कोणाले सांगू? तुझी आजी म्हने, बाईले दुखतेच."
"मग मला सुईवरून का बोलत होतीस इतके दिवस?"
तिने पुढची शेंग सोलली. मग, "तुले दोष द्यायले सुई तरी आहे. मले काहीच नव्हतं."

१९ फेब्रुवारी
आज फिजिओला म्हटलं, आधी आईला बघा. आई "नको नको" करत पालथी झोपली. फिजिओने कमरेवर अंगठा दाबला. आईने चादर मुठीत धरली.
"किती वर्षं झाली, काकू?"
आई माझ्याकडे बघून म्हणाली, "एकतीस."
माझं वय.
"अजून दुखतं?"
"हाव."
दीड वर्ष म्हणाली होती मला. एवढी वर्षं ही बाई धुणी, भांडी, तिघांची आजारपणं, सगळं याच पाठीने...

घरी आल्यावर सतरंजी अंथरली. दोघी पाठीवर, गुडघे वर. मी मोजते, ती श्वास सोडते. मध्येच म्हणाली, "परतीचं तिकीट पुढं ढकल म्हन निखिलले." किती दिवस, ते सांगितलं नाही.

माझी कंबर दुपारपर्यंत ठीक होती. आता परत ठणकतेय. उठते, आधी कूस.